पाचवा उद्गार

अर्जावर अकरा प्रश्न होते. नाव, पत्ता, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, शिक्षण, मंडळीत आजवर केलेली सेवा हे सगळं एका बैठकीत भरून झालं. सातव्या प्रश्नाशी पेन अडलं. ‘तुम्हाला देवाचे पाचारण केव्हा व कसे झाले?’ खाली चार रेघा मोकळ्या सोडलेल्या.

२०२२ चा जून होता. माझं एकसष्टावं वर्ष सरत आलेलं, नर्सिंगची नोकरी संपून तीन वर्षं होत आलेली. वानवडीच्या बाजूच्या आमच्या छोट्या मंडळीत पाळकांना हाताशी कोणीतरी हवं होतं. ते बाहेरगावी असले की उपासना चालवायची, अधूनमधून उपदेश द्यायचा, आजाऱ्यांच्या घरी जायचं. दीक्षा न घेतलेल्या सभासदाने हे करायचं तर बिशपसाहेबांची लेखी परवानगी लागते. आमच्याकडे अशा सेवकाला ले रीडर म्हणतात. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने माझं नाव सुचवलं, म्हणून हा अर्ज.

साक्षीच्या सभांना मी लहानपणापासून बसत आले आहे. तिथे लोक तारीख सांगतात, वेळही सांगतात. अमुक रात्री अमुक अध्याय वाचताना रडू फुटलं आणि त्या घटकेपासून आयुष्य पालटलं. त्यातल्या एकाही साक्षीवर मी संशय घेतलेला नाही. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला, शमुवेलाला रात्री नावाने हाक आली. मला तसं काही झालं नाही. मला जेव्हा जेव्हा बोलावलं ते माणसांनी, आणि तेही कुठल्या ना कुठल्या कामाला. हे चार रेघांत कसं मांडायचं ते सुचेना. तीन आठवडे अर्ज बायबलमध्ये घडी करून पडला होता. त्या रेघांत जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

आमच्या घरात येशू आला तो दुष्काळाच्या वाटेने. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांना आसरा मिळाला तो केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. त्या मुलींतली एक माझी पणजी. तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. आईचं नाव तिला शेवटपर्यंत आठवायचं, गावाचं नाही. रमाबाईंनी सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं अशा मराठीत, आणि ते केडगावच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. पणजी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. लग्न होऊनही ती केडगावातच राहिली आणि पदरी मूल असताना छापखान्यात जात राहिली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या; पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

पणजी वारली तेव्हा मी सात वर्षांची होते. ती वर्तमानपत्र उलटं धरूनही वाचायची, आणि मला निजवताना पाठीवर बोटाने अक्षरं काढायची. ती अक्षरं मला कधीच ओळखता यायची नाहीत. खूप वर्षांनी कळलं, ती उलटी काढायची, खिळ्यावर असतात तशी.

तिची मुलगी, म्हणजे माझ्या आईची आई, लग्न होऊन पुण्याला गुरुवार पेठेत आली, पंच हौद मिशनच्या आवारालगत. माझं बालपण तिच्याचकडे गेलं. पवित्र नाम देवालयाचा विटांचा मनोरा देवळापासून सुटा उभा आहे, त्यात आठ घंटा आहेत. त्या एकापाठोपाठ एक वाजायला लागल्या की आमच्या खोलीतली भांडी फळीवर किणकिणायची. नाताळच्या आधी करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे, केकच्या पिठाचे साचे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे लावलेली रांग, रात्री कॅरलवाल्यांच्या कंदिलामागे पेठेतून हिंडणं, हे सगळं मला मिळालं. पण माझ्या श्रद्धेचा पाया घातला तो आजीच्या कामाने.

आजी बायबल बाई होती. घरोघरी जाऊन बायकांना अक्षरओळख करून द्यायची, आजाऱ्यापाशी बसायचं, बाळंतिणीची चौकशी करायची आणि शेवटी बायबलातली एक गोष्ट सांगायची, हे बायबल बाईचं काम. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर. काही वाड्यांत तिला ओसरीपर्यंत घेत, काही ठिकाणी जिन्याशीच थांबवत. तिच्या उमेदीच्या दिवसांत उन्हातून आलेल्या आजीने पाणी मागितलं, तर कित्येक घरांत ते वरून तिच्या ओंजळीत ओतत असत. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा नाही. ती लगेच शोमरोनी बाईच्या गोष्टीवर यायची. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या परक्या जातीच्या बाईला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते, की तुम्ही यहूदी असून माझ्या हातचं पाणी मागता? आम्ही ज्याच्या लगत राहत होतो त्याच मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासकट पुण्यातल्या मोठमोठ्या माणसांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं होतं. आजी तेही सांगायची आणि मग आम्हा पोरांना विचारायची, “आणि येशूने कुणाच्या हातचं मागितलं?” आम्ही एका सुरात ओरडायचो, “शोमरोनी बाईच्या!”

१९७१ मध्ये तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मी दहा वर्षांची होते. एका शनिवारी दुपारी ती पिशवी घेऊन दारात थांबली आणि म्हणाली, “येशील का गं माझ्याबरोबर? तू वाच, मी सांगते.” पुढची तीन वर्षं मी दर शनिवारी तिच्याबरोबर गेले. मी वाचायचे, कुठे अडले तर ती पाठ म्हणायची. ओव्या म्हणायला जशी एखादी जात्यावर बसते तशी ती गोष्ट सांगायला बसायची, घाई म्हणून नाही. बायका गहू निवडत, लेकराला पाजत ऐकायच्या. त्यातली एखादी ख्रिस्ती झाल्याचं मला आठवत नाही. वाचायला मात्र बऱ्याच शिकल्या. आजी वारल्यावर त्यांतल्या कितीतरी जणी आमच्या दारात येऊन रडल्या.

त्याच सुमाराला घरात मोठ्या माणसांची एक चर्चा सतत चालायची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं होतं. आम्ही अँग्लिकन, नगरकडचे आमचे पाहुणे अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांच्या उपासनेची रीत वेगळी, आमची वेगळी, आणि लग्नकार्यात त्यावरून तोंडाला तोंड लागायचं. आता सगळे एका छताखाली. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माही मान्य आणि मोठेपणी स्वतः होऊन घेतलेलाही मान्य. वडील म्हणायचे, भांडण मिटवायला दोघांनाही थोडं सरकावं लागतं. मला त्या वयात एवढंच कळलं, की नगरच्या मामाला आता आमच्या देवळात प्रभुभोजन घेताना कुणी काही विचारणार नाही.

१९७६ मध्ये माझं दृढीकरण, म्हणजे लहानपणच्या बाप्तिस्म्याला स्वतः होकार देण्याचा विधी, झाला. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, तेव्हा काहीतरी होईल असं वाटलं होतं. हाताचं वजन जाणवलं, बाकी काही नाही. त्याच पावसाळ्यात आजी गेली. मग ससूनला नर्सिंगचं शिक्षण, सरकारी नोकरी, रात्रपाळ्या. रविवारी ड्यूटी नसेल तेव्हा देऊळ. सवयीने जात होते, मनापासूनही जात होते. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

१९८७ ला लग्न होऊन मी वानवडीला आले. हे हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते आणि देवळात पेटी वाजवायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं यांना इतकी पाठ होती की अंधारातही बोट चुकायचं नाही. १९९० ला मुलगी झाली. १९९५ च्या पावसाळ्यात यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. तपासणीत कळलं, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली. मी रोज वॉर्डात दुसऱ्यांच्या पायावर बोट दाबून सूज बघणारी बाई, आणि घरातली सूज मला महिनाभर उशिरा दिसली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पण इतरांना ठाऊक नसतं, की यात सुयांपेक्षा तहान जास्त छळते. चोवीस तासांत जेवढी लघवी होईल तेवढं आणि वर अर्धा लिटर, एवढंच पाणी पोटात जावं असा साधारण हिशेब असतो. यांच्या वाट्याला दिवसाला सातशे मिली यायचं. त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोट आला. सकाळी मी सातशेची बाटली भरून ठेवायची. चहा दिला की तेवढं पाणी त्या बाटलीतून ओतून टाकायची. मंडळीतली माणसं प्रेमाने भेटायला यायची आणि आजाऱ्याला नेतात तसं शहाळं, मोसंबी घेऊन यायची. डायलिसिसवरच्या माणसाला त्यातलं पोटॅशियम विषासारखं, हृदय थांबू शकतं. प्रत्येकाला हे समजावून शहाळं परत देताना मला चोरट्यासारखं व्हायचं.

१९९७ च्या मे महिन्यात एका रात्री जाग आली तर हे अंथरुणात नव्हते. मोरीत नळाखाली ओंजळ धरून उभे होते. फुफ्फुसात पाणी भरलं की माणूस बसल्या जागी बुडतो, हे मी वॉर्डात कितीदा पाहिलेलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने नळ बंद केला. ते काही बोलले नाहीत. ओंजळीत जे उरलं होतं ते त्यांनी तोंडावरून फिरवलं आणि परत येऊन झोपले.

१९९८ च्या फेब्रुवारीत ते गेले. शेवटच्या रात्री दवाखान्यात म्हणाले, “थोडं पाणी दे ना गं.” मी कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवला. नियमाने तेवढंच करता येत होतं. पहाटे ते गेले. त्या रात्री ओंजळभर पाणी दिलं असतं तर काय बिघडणार होतं, हा प्रश्न मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारत राहिले.

घरी प्रार्थनासभा झाली. सभा संपल्यावर आलेल्यांपैकी एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, प्रार्थना आम्ही खूप केली. कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.” मी त्याला चहा दिला. तो नक्की काय बोलला हे मला रात्री कळलं.

दोन महिन्यांनी, १० एप्रिलला, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होता. आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात, प्रत्येकाने एकेका उद्गारावर बोलायचं. मी मुलीला घेऊन गेले होते. पाचवा उद्गार आला: मला तहान लागली आहे. त्या दिवशी बोलणारे म्हणाले की ही तहान शरीराची नव्हे, प्रभूला आत्म्यांची तहान लागली होती, शरीराची तहान ती काय मोठीशी गोष्ट? मी मुलीचा हात धरला आणि मधल्या वाटेने बाहेर पडले. त्यानंतर सहा वर्षं देवळात पाऊल ठेवलं नाही.

प्रार्थना सुटली का, असं मला या अर्जानंतरच्या मुलाखतीत विचारलं गेलं. सुटली नव्हती. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ एवढं मी मुलीबरोबर रोज म्हणत होते. पुढचं तिचं ती म्हणायची.

२००४ मध्ये एका शनिवारी दार वाजलं. देवळातल्या वेदीची व्यवस्था बघणाऱ्या मावशी उभ्या होत्या, सत्तरीच्या. सलाम करून आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “माझे गुडघे गेले गं. प्रभुभोजनाच्या कापडांना इस्त्री करायला कुणी नाही. तू येशील का? रविवारी येऊ नकोस हवं तर. शनिवारी ये.” देवळात का येत नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

मी शनिवारी गेले. रिकाम्या देवळाला एक वास असतो, मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि बंद खिडक्यांचा. मावशींनी मला एकेक शिकवलं. प्याला पुसायच्या कापडावर द्राक्षारसाचा डाग पडलेला असतो. तो आधी गार पाण्यात भिजवायचा, गरम पाणी घातलं तर डाग पक्का बसतो. ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही; आवारातल्या चाफ्याच्या मुळाशी मातीत ओतायचं, कारण त्यात प्रभुभोजनाचा अंश असतो. मग साबण. इस्त्री कापड दमट असताना, उलट्या बाजूने. वेदीवर प्याल्याखाली अंथरायचं चौकोनी कापड आडवं तीन आणि उभं तीन असं दुमडायचं, म्हणजे उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात. घडी आतल्या बाजूला, म्हणजे भाकरीचा कण पडलाच तर कापडातच राहतो.

दर शनिवारी पहिलं पाणी चाफ्याला घालताना मला नळाखालची ती ओंजळ दिसायची. सुरुवातीला मी ते पाणी घाईने ओतून आत यायचे. काही महिन्यांनी तिथे उभी राहायला लागले. काय बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही, पण ती माझी पुन्हा सुरू झालेली प्रार्थना होती, आणि तिच्यात पुष्कळ राग होता. देवाने तो ऐकून घेतला, असं मी आज पूर्ण विश्वासाने म्हणते. वर्षभराने एका रविवारी, माझ्या हातची इस्त्री वेदीवर कशी दिसते ते बघायला म्हणून, मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. ती काही न बोलता शेजारी सरकली. पेटीवर दुसरंच कोणी होतं.

मावशी २०११ मध्ये गेल्या. त्यांच्या शवपेटीवरचं कापड मी इस्त्री केलं.

जुलै २०१९ मध्ये मी नोकरीतून निवृत्त झाले आणि आठ महिन्यांत कोरोना आला. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण सापडले ते पुण्यातच. पंधरा दिवसांत टाळेबंदी. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण, सगळं बंद दारांआड. पाळकांचा फोन आला, “सिस्टर, आपल्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली आहे. तुम्ही रोज त्यांना फोन कराल का? औषधाचं तुम्हाला कळतं.” एकोणीस नावं होती. मी सकाळी नऊला सुरुवात करायची. साखर किती, गोळ्या उरल्या का, श्वास लागतो का, आणि शेवटी एक स्तोत्र. बहुतेकांना तेविसावं हवं असायचं. ‘मला काही उणे पडणार नाही’ हे शब्द रिकाम्या डब्यांच्या घरातून फोनवर ऐकताना माझा आवाज कधी कधी लागायचा नाही. तेव्हा पलीकडची म्हातारी पुढचं म्हणून टाकायची, आजी म्हणायची तसं.

पुढे त्यातले काही जण दवाखान्यात गेले. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. वॉर्डातल्या एखाद्या ओळखीच्या नर्सला विनवून मी फोन रुग्णाच्या कानाला लावायला सांगायची आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. पलीकडून उत्तर यायचं नाही, नुसता ऑक्सिजनचा आवाज. एकोणीसातले चौघे गेले. त्यांच्या घरच्यांनी मला नंतर एकच विचारलं, “शेवटी त्यांना कळलं का?” मी खरं ते सांगितलं. ऐकू येणं बहुतेक शेवटपर्यंत राहतं असं आम्हाला शिकवलं आहे, त्याच भरवशावर मी बोलत होते.

तर चौथ्या आठवड्यात मी अर्ज उघडला आणि लिहिलं: ‘१९७१, आजीने वाचायला बोलावलं. २००४, देवळातल्या मावशींनी इस्त्रीला बोलावलं. २०२०, पाळकांनी फोन करायला बोलावलं.’ तीन रेघा भरल्या. चौथी तशीच ठेवून सही केली.

अर्जाबरोबर बाप्तिस्म्याचा दाखला लागत होता. त्यासाठी १९६१ ची नोंदवही काढावी लागली. पानशेतचा पूर आला त्या महिन्यातला माझा जन्म. ऑगस्टच्या पानावर माझं नाव, आईवडिलांचं नाव आणि खाली धर्ममाता म्हणून आजीची सही. अक्षर गोल, ठसठशीत, एकेक अक्षर सुटं. छापखान्यातल्या बाईची लेक.

मुलाखत ऑगस्टमध्ये झाली. समोर पाच जण होते. एकांनी विचारलं, या वयात हे कशाला? मी म्हटलं, या वयात मला वेळ आहे आणि रक्तदाब मोजता येतो. दुसऱ्यांनी सहा वर्षांच्या खंडाबद्दल विचारलं. मी नळाची गोष्ट सोडून बाकी सगळं सांगितलं. सगळ्यांत वयस्क होते त्यांनी शेवटी अर्जावर बोट ठेवलं, “चौथी रेघ?” मी म्हटलं, “अजून कुणी बोलावलं नाही.” त्यांनी मान डोलावली आणि कागद खाली ठेवला.

मग शिकणं. दर गुरुवारी संध्याकाळी पाळक मला घेऊन बसायचे. प्रार्थनापुस्तकाचा क्रम, वर्षाचे ऋतू, कोणत्या सणाला वेदीवर कोणता रंग, उपदेशाला उतारा कसा निवडायचा. उताऱ्याचा आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा त्यांचा नियम. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आलेली. तिथे शिकलेल्या एका बाईंनी मला टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, कसे वाचायचे ते दाखवलं. साठीनंतर डोकं चालत नाही म्हणतात, तो माझा अनुभव नाही. मला त्या वर्षाइतकी भूक आयुष्यात लागली नव्हती. बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला हे वाचलं, आणि त्या रात्री पणजीची पाठीवरची अक्षरं आठवून झोप आली नाही.

परवानगीचं पत्र जानेवारी २०२३ मध्ये आलं. पहिला उपदेश फार लांबला, दुसरा फार तुटक झाला, तिसऱ्यापासून जमायला लागलं. मार्चमध्ये पाळकांनी उत्तम शुक्रवारचे उद्गार वाटले. चिठ्ठ्या नव्हत्या, त्यांनी नुसती यादी वाचली. “पाचवा, सिस्टर, तुम्ही घ्याल का?” त्यांना १९९८ चं काहीच माहीत नव्हतं. ते तेव्हा शाळेत असतील. मी हो म्हटलं आणि घरी येऊन मोरीत नळाकडे बघत उभी राहिले.

तीन आठवडे मी योहानाचा एकोणिसावा अध्याय नर्सच्या डोळ्यांनी वाचला. रात्री पकडल्यापासून त्याला कुणी पाणी दिल्याचा उल्लेख नाही. फटके, रक्तस्राव, ऊन. रक्त गेलेल्या माणसाला तहान लागते ती साधी नसते. अपघाताच्या वॉर्डात प्रत्येक जण पाणी मागतो. मग कोणीतरी स्पंज आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवून काठीवर त्याच्या तोंडाशी धरला. योहान म्हणतो, त्याने ती आंब घेतली आणि मग म्हणाला, पूर्ण झाले आहे. मी हा क्रम आयुष्यभर ऐकला होता, पण लक्षात कधी आला नव्हता. कोरड्या तोंडाने माणसाला बोलता येत नाही, जीभ टाळूला चिकटते. ओठ ओले झाल्यावर सहावा उद्गार निघाला. तो स्पंज कुणी धरला, त्याचं नाव चारही शुभवर्तमानांत नाही.

७ एप्रिल २०२३. वेदी उघडी, वधस्तंभावर काळं कापड, देऊळ भरलेलं. माझी पाळी दोनच्या सुमाराला आली. मी शोमरोनी बाईपासून सुरुवात केली, की याच शुभवर्तमानात याच येशूने एकदा पाणी मागितलं होतं. मग म्हटलं, ही तहान शरीराची होती. तिला दुसरं नाव देऊन तिच्यातून सुटका करून घेऊ नका. देवाच्या पुत्राचं तोंड कोरडं पडलं होतं. मग मी वॉर्ड सांगितला, सातशे मिलीची बाटली सांगितली, आणि नळ सांगितला. तो मी त्याआधी कुणालाही सांगितला नव्हता, मुलीलाही नाही. ती नाशिकहून आली होती, तिसऱ्या बाकावर होती. त्या रात्री दवाखान्यात मी बोळा ओला करून ओठांवर फिरवला, हेही सांगितलं, आणि स्पंजाचा भाग वाचून खाली बसले. अकरा मिनिटं झाली होती. पुढचे दोन उद्गार मी नीट ऐकू शकले नाही. मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली होती आणि तिने माझं मनगट धरलं होतं.

तीनला सगळे न बोलता बाहेर पडले, त्या दिवशी बोलायचं नसतं. मी कापडं गोळा करून बाहेर आले तर चपलांपाशी एक मुलगी थांबलेली, तिशीची असेल. मंडळीत नवीन. म्हणाली, “सिस्टर, माझ्या नवऱ्याचं गेल्या महिन्यात डायलिसिस सुरू झालं. बर्फ चालतो का?”

मी म्हटलं, चालतो, पण मापात धरायचा. डॉक्टरांनी दिलेल्या रोजच्या पाण्यातलंच शंभर मिली बर्फाच्या ट्रेमध्ये घाल. एकेक तुकडा दे, पाण्यापेक्षा तोंडात जास्त वेळ टिकतो. पेला लहान ठेव. मीठ कमी कर, लोणचं-पापड घरात दिसूच देऊ नकोस. निम्मी तहान मिठाने लागते. चूळ भरू दे. शहाळं कोणी आणलं तर आभार मान आणि घरातल्या इतरांना दे. ती मोबाईलमध्ये टिपून घेत होती. टिपता टिपता थांबली.

“आणि रात्री उठून नळापाशी गेले तर?”

मी तिला देवळाच्या पायरीवर बसवलं, कापडांची पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.